भिडे पूल पाण्याखाली जायच्या आधी

"निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे नक्की किती? चौदाचे निम्मे सात, म्हणजे आठ दिवसांपासून पुढे धरायचं का? आणि एखाद्या दिवशी फक्त संध्याकाळी वाटलं असेल तर तो दिवस मोजायचा की नाही?"

सहा वर्षं झाली असतील, काउन्सेलिंगच्या पहिल्याच सेशनला एका क्लायंटने मला हे विचारलं होतं. मी नेहमीसारखा पीएचक्यू-९ चा फॉर्म पुढे केला होता, डिप्रेशनसाठी सगळीकडे वापरतात तोच, ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, प्रत्येकाला ० ते ३ मार्क आणि एकूण २७. लोक दोन-तीन मिनिटांत खुणा करून कागद परत देतात. तो वीस मिनिटं त्या कागदावर होता. भूक न लागणं आणि जास्त खाणं या दोन उलट गोष्टी एकाच प्रश्नात का घातल्यात, चुळबुळ तर मी शाळेत असल्यापासून करतो मग दोन आठवड्यांचं काय सांगू, असं एकेक. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, सारखा वर बघत होता. आणि मी त्या दिवशी माझ्या नोट्समध्ये लिहिलं, आजही ते पान माझ्याकडे आहे, "आय कॉन्टॅक्ट नाही. थेट उत्तरं टाळतो. रेझिस्टन्स?"

तो काहीच टाळत नव्हता. माझ्याकडे आलेल्या सगळ्या लोकांत तो फॉर्म सगळ्यात प्रामाणिकपणे भरणारा माणूस तो होता आणि मी त्याला टाळाटाळ म्हणत होते.

हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितेय. नाव, वय, नोकरी काहीच लिहिणार नाही, काही तपशील बदललेत, आणि पोस्ट करायच्या आधी त्याने हे पूर्ण वाचलंय, दोन दुरुस्त्या सांगितल्या त्या केल्यात. एक धरणाच्या आकड्याची होती, ती पुढे येईलच.

मी पुण्यात काउन्सेलिंग करते, तेव्हा प्रॅक्टिसला आठ-नऊ वर्षं झाली होती. माझं सगळं शिक्षण सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या थेरपीचं, आणि तिच्याच जातीच्या आरईबीटीचं. महाराष्ट्रात आरईबीटीला एक वेगळंच स्थान आहे, अल्बर्ट एलिसची ही पद्धत कि. मो. फडके सरांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून इथे आणली, मराठीतून लिहिली, शिकवली, त्यामुळे 'अविवेकी समजूत' वगैरे शब्द आपल्याकडे मानसशास्त्र न शिकलेल्या लोकांनाही माहीत असतात. मला या पद्धतीबद्दल आजही मनापासून आदर आहे, कितीतरी लोकांना तिने उभं राहताना मी पाहिलंय. घटना, घटनेबद्दलची आपली समजूत आणि त्यातून येणारी भावना, या तीन पायऱ्या सुट्या करायच्या आणि मधली समजूत तपासायची, ती खरी आहे का, पुरावा काय, असं विचारत विचारत माणसाला स्वतःच्या विचाराकडे बघायला शिकवायचं.

तर तिसऱ्या सेशनला तो म्हणाला, "ऑफिसमध्ये सगळे माझ्यावर हसतात." मी अगदी पुस्तकात असतं तसं विचारलं, सगळे म्हणजे नक्की सगळे? पुरावा काय आहे? ते दुसऱ्या कशावर हसत असतील अशी शक्यता नाही का? विचारातल्या चुकांची आमच्याकडे नावं असतात, ती मनात मी फळ्यावर लिहून पण टाकली होती, अतिसामान्यीकरण, मनकवडेपणा. तो गप्प झाला. पुढच्या सेशनला त्याने फोन पुढे धरला. त्याच्या टीमचा त्याला वगळून केलेला एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, कोणीतरी चुकून त्याला ॲड केलं आणि लगेच काढलं, पण तेवढ्यात त्याने स्क्रीनशॉट घेतले होते. त्यात त्याच्या बोलण्याच्या नकला होत्या, तो कॅन्टीनमध्ये कान झाकून बसतो त्याचे लपून काढलेले फोटो होते, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. त्याला सोडून टीममध्ये ११ जण होते. हसणारे ११.

म्हणजे सगळे.

मी सॉरी म्हटलं खरं, पण तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं मी काय केलंय. ज्याला शाळेपासून लोक सांगत आलेत की तुला कळत नाही, तुझा गैरसमज झालाय, कोणी काही म्हणत नाहीये तूच मनाला लावून घेतोस, त्याला मी फी घेऊन, शांत आवाजात, शास्त्राचा आधार घेऊन परत तेच सांगितलं होतं. त्यानंतर तो दोन महिने आला नाही. मी नोंद केली, ड्रॉपआउट.

दोन महिन्यांनी त्याचा ईमेल आला. रागाचा अजिबात नव्हता, मला तो अजून जवळजवळ पाठ आहे. त्याने लिहिलं होतं की त्याला एका सायकियाट्रिस्टकडून ऑटिझमचं निदान झालंय, त्याला माझ्याकडेच परत यायचंय कारण नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायची ताकद नाही, पण काही गोष्टी बदलता येतील का. तुमच्या खोलीतली ट्यूबलाइट लुकलुकते, तुम्हाला दिसत नसेल पण मला दिसते. तुम्ही प्रश्न विचारून मी उत्तर जुळवत असताना दुसरा प्रश्न विचारता, मग माझे दोन्ही जातात. तुम्ही 'मन मोकळं करा' म्हणता, ते कसं करायचं त्याच्या पायऱ्या सांगाल का. आणि तुम्ही कधी तू म्हणता कधी तुम्ही म्हणता, काहीही चालेल पण एक ठरवा.

आम्ही 'तू' ठरवलं. तो मला मॅडम म्हणतो आणि तुम्ही म्हणतो, आणि ते सहा वर्षांत एकदाही बदललेलं नाही.

तो मेल वाचून मी माझी एम.ए.ची पुस्तकं काढली. आमच्या वेळी ऑटिझम म्हणजे बालमानसशास्त्रातला एक चॅप्टर, त्यात चित्र असायचं रांगेत गाड्या लावणाऱ्या लहान मुलाचं. तो मुलगा पंचवीस वर्षांचा होतो, नोकरी करतो, त्याचं लग्न ठरतं किंवा मोडतं, त्याला डिप्रेशन येतं आणि तो आपल्या खुर्चीसमोर येऊन बसतो, हे कुठेच नव्हतं. कायद्यालाही उशीरच झाला म्हणा, १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली. सर्टिफिकेटसाठी आपल्याकडे इसा म्हणून ४० मुद्द्यांची एक स्केल वापरतात. पण सर्टिफिकेट मिळाल्यावर त्या माणसाच्या एन्झायटीवर, झोपेवर, जगावंसं न वाटण्यावर कोण काम करणार, आणि त्याला ते शिकवलं कोणी?

आणि हे काम छोटं नाहीये. २०१४ साली केंब्रिजच्या एका क्लिनिकमधला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, मोठेपणी ॲस्पर्जरचं (आता ते ऑटिझममध्येच धरतात) निदान झालेल्या माणसांचा, त्यातल्या ६६ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार मनात आले. तो आकडा वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसले होते. माझ्या 'ड्रॉपआउट' या एका शब्दामागे काय असू शकलं असतं ते तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं.

आधी आपल्या शब्दाचंच बोलू. मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. शब्द ऐकायला छान आहे, पण तो शब्दच आपल्याला चुकीच्या दिशेने पाठवतो असं माझं आता ठाम मत झालंय. स्वतःत मग्न. म्हणजे ह्याला बाहेरचं काही पडलेलं नाही, आपल्याच तंद्रीत आहे. मी त्याला एकदा विचारलं तुला हा शब्द कसा वाटतो. तो म्हणाला, "मला शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, तुमच्या रिसेप्शनमधला टीव्ही, खालची रिक्षा आणि तुम्ही, हे सगळं एकाच आवाजात ऐकू येतं. मला स्वतःत मग्न व्हायला मिळालं तर फार बरं होईल." म्हणून मी ऑटिझमच म्हणते, ऑटिस्टिक माणूस म्हणते, आणि कोणाला स्वमग्न म्हणवून घ्यायला आवडत असेल तर त्यांच्यासाठी तेच वापरते.

मग मी शिकायला लागले. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्येच मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, सीबीटी कशी बदलायची ते त्यात अगदी साध्या भाषेत होतं. बोलणं ठोस आणि आखीव ठेवा, लिहून दाखवा, चित्रं वापरा, विचार बदलण्यापेक्षा आधी कृती बदलण्यावर भर द्या, संदर्भ आणि नियम गृहीत धरू नका, उघड सांगा, रूपकं कमी वापरा, मध्ये ब्रेक घ्या, त्या माणसाची ज्यात खास आवड आहे ती गोष्ट थेरपीत आणा, त्याची इच्छा असेल तर घरच्या कोणाला सोबत घ्या. यात रॉकेट सायन्स काहीही नाही. तरी मला एवढ्या वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं. नंतर एक ऑनलाइन ट्रेनिंग केलं, त्यात शिकवणाऱ्या दोघींपैकी एक स्वतः ऑटिस्टिक होती. तिने पहिल्या दिवशी आम्हाला जोड्या करून बसवलं आणि सांगितलं, प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत मोजेपर्यंत तोंड उघडू नका. दहा आकडे. करून बघा. आम्ही सगळे अनुभवी थेरपिस्ट आणि चार-पाच आकड्यांतच कोणी मान हलवतंय, कोणी 'हं हं' करतंय, कोणी तोच प्रश्न सोपा करून परत विचारतंय. आपण समोरच्याला वेळ देतो असं आपल्याला फक्त वाटत असतं.

तिथेच मला अलेक्सिथायमिया नीट कळला. पीटर सिफ्निओस या सायकियाट्रिस्टने १९७० च्या दशकात हा शब्द दिला, स्वतःच्या भावनेला नाव देता न येणं, पण ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भावना नसतात असं नाही, उलट भरपूर असतात, पण आत जे होतंय ते राग आहे की भूक की भीती हे कळत नाही. आणि आमची सगळी थेरपी सुरूच कुठून होते? 'तुला त्या वेळी काय वाटलं?' ज्याचं उत्तर निम्म्या लोकांना दिसतच नाही तो प्रश्न आम्ही पहिल्या पानावर विचारतो.

आता इथे मराठीने मला फार मदत केली, आणि हे कुठल्याच इंग्रजी ट्रेनिंगमध्ये असणं शक्य नव्हतं. आपली भाषा भावना अंगातून सांगते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातापायातलं बळ जातं, घशाला कोरड पडते, डोकं भणभणतं, अंगाची लाहीलाही होते. रूपकं टाळा असं नाइस म्हणतं ते बरोबरच आहे, 'मन मोकळं कर' त्याच्यासाठी निरुपयोगी होतं, पण 'घशाला कोरड' हे त्याच्यासाठी रूपक नाहीये, ते तपासता येतं. आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला, डोक्यापासून तळपायापर्यंत, कुठे काय होतं, किती वाजता, आधी काय घडलं होतं. भावनेचं नाव लिहायचंच नाही असं ठरवलं. तीन आठवड्यांनी त्याने स्वतःच सांगितलं की घशाला कोरड आणि तळहाताला घाम हे दोन एकत्र फक्त सोमवारी मीटिंगच्या आधी येतात, आणि डोकं भणभणतं ते कॅन्टीननंतर, म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कसंतरी होतंय' या एका शब्दात त्याने दहा वर्षं या दोन्ही गोष्टी कोंबल्या होत्या.

हा फरक पुढे फार कामाचा ठरला. एन्झायटीवर आम्ही एक्सपोजर वापरतो, ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं म्हणजे भीती ओसरते. फोनवर बोलायची त्याला भीती होती, तिथे हे चाललं, आम्ही वाक्यं लिहून काढली, आधी मला फोन, मग मेडिकलवाल्याला, मग गॅस एजन्सीला, सहा-सात आठवड्यांत त्याला जमायला लागलं. पण कॅन्टीनचा आवाज ही भीती नाही, तो त्याला खरंच दुखतो. दुखण्याला रोज सामोरं जाऊन दुखणं कमी होईलच असं नाही, माणूस फक्त ते दाखवायचं बंद करतो. तिथे इअरप्लग लागतात, जेवायची वेळ बदलावी लागते. गणपतीत लक्ष्मी रोडला ढोल-ताशाच्या शेजारी उभं राहायचा सराव करायला मी त्याला सांगितलं असतं, आधीच्या मी नक्की सांगितलं असतं, तर मी त्याला इलाजाच्या नावाखाली त्रास दिला असता. आता नवीन कोणी शिकायला येतं तेव्हा मी हा एक प्रश्न त्यांच्याकडून परत परत घोटून घेते, भीती आहे की दुखतंय?

तीव्रतेचा प्रश्न मात्र राहिला होता. ० ते १० मध्ये किती, असं विचारलं की तो अडकायचा, ० म्हणजे मेलेला माणूस का, १० आजवरचं की शक्य असेल तेवढं. मग एकदा जुलैमध्ये तो आला आणि बसता बसता म्हणाला, "आज घाटमाथ्याला ऑरेंज आहे." मला कळेना. हवामान खात्याचा अलर्ट. त्याला पावसाचा नाद आहे, शिवाजीनगरच्या वेधशाळेचे रोजचे आकडे तो कितीतरी वर्षं वहीत लिहितोय, मी मात्र तोपर्यंत ते गप्पा म्हणून ऐकायचे आणि मुद्द्यावर यायची वाट बघायचे. मुद्दा तोच होता. हिरवा म्हणजे काही नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे कृती करा. प्रत्येक रंगाला अर्थ आहे आणि प्रत्येक रंगाला काय करायचं ते ठरलेलं आहे. मी म्हटलं तुझा आजचा अलर्ट काय? आणि त्याने एका सेकंदात उत्तर दिलं, "यलो. पण सकाळी ऑरेंज होता." एवढ्या महिन्यांत आकड्याचं उत्तर मला एकदाही मिळालं नव्हतं.

पुढचं सगळं त्यानेच केलं. पुण्याबाहेरच्या लोकांसाठी सांगते, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तीन धरणांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. (मी आधी २ लिहिलं होतं. दुरुस्ती आली, १.९७.) म्हणजे वरची मोठी भरली आणि सगळ्यांनी एकदम सोडलं तर हे छोटं धरण काही तासांत काठोकाठ. त्याने वहीत चार धरणं काढली आणि वरच्या तिघांना नावं दिली. एक ऑफिस, एक घर आणि एक आवाज-उजेड-वास. खालचं मी, म्हणाला. "मॅडम, लोक म्हणतात एवढ्याशा गोष्टीवरून चिडला. एवढीशी गोष्ट खडकवासल्यात पडते, पण पाणी वरून आलेलं असतं."

मेल्टडाउन, म्हणजे ताण सोसवेनासा होऊन माणसाचा ताबा सुटणं, यावर मी बरंच वाचलंय, याच्याइतकं स्पष्ट मला कुठे सापडलेलं नाही. आणि त्यातच प्लॅन होता. धरण पूर्ण भरायची वाट बघत नाहीत, पावसाचा अंदाज बघून आधीपासून विसर्ग सुरू करतात, थोडा थोडा, म्हणजे शहरात पाणी घुसत नाही. त्याचा विसर्ग म्हणजे जिन्यात दहा मिनिटं एकटं बसणं, हेडफोन, घरी आल्यावर अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही, दिवे बंद. हे सगळं यलोला सुरू करायचं, रेडला नाही. आणि शेवटची खूण त्याने लिहिली ती वाचून मला गलबलून आलं. 'भिडे पूल पाण्याखाली.' (पुण्यात मुठा नदीवरचा हा बुटका पूल, विसर्ग वाढला की बुडतो.) म्हणजे तेव्हा मला बोलता येत नाही. ऐकू येतं, कळतं, पण शब्द येत नाहीत. तेव्हा प्रश्न विचारू नयेत, पाणी उतरेपर्यंत थांबावं.

त्याच्या आईला मी हा कागद दाखवला, अर्थात त्याला विचारून. काकू बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी याला लहानपणापासून एकच सांगत आले हो, थोडं ॲडजस्ट कर बाळा, जगात ॲडजस्ट करावं लागतं. तो करतच होता की." त्यांचा दोष नाही, आपल्या घराघरात हेच बाळकडू असतं, आणि त्यांनी ते प्रेमानेच दिलं होतं. पण मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस विचार करत होते. शाळेत ॲडजस्ट, नातेवाइकांत ॲडजस्ट, ऑफिसात ॲडजस्ट, आणि शेवटी थकून जिथे आधार मागायला आला तिथे, माझ्या खोलीत, माझ्या ट्यूबलाइटखाली, माझ्या फॉर्मशी, माझ्या प्रश्नांच्या वेगाशी, परत त्यानेच ॲडजस्ट करायचं. डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' मांडला, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांना त्याचं कळत नाही, फक्त कमतरता एकाच्याच नावावर लिहिली जाते. मी तर ती रीतसर केस पेपरवर लिहिली होती.

खोलीचं पटकन सांगते. ट्यूबलाइट गेली, दोन पिवळे दिवे आले. मोगऱ्याचं रूम फ्रेशनर गेलं. रिसेप्शनचा टीव्ही बंद. नवीन माणसाला आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर गेटचा, जिन्याचा, दाराचा आणि खुर्चीचा फोटो जातो, दार कोण उघडेल ते जातं, किती वाजता संपेल ते जातं. सेशनचे मुद्दे एका कागदावर समोर असतात. ज्यांना टाइप करून बोलायचंय ते टाइप करतात, समोरासमोर बसून सुद्धा. आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणायचं मी बंद केलं, कारण बघू म्हणजे हो की नाही हे मराठी माणसाला सुरावरून कळतं आणि ज्याला सूर वाचता येत नाही तो आठवडाभर झोपत नाही. हे सगळं सगळ्याच क्लायंट्सना चालतं, अजून कोणी तक्रार केलेली नाही.

गेली तीन वर्षं आम्ही काही जण मिळून नवीन थेरपिस्टसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतो, छोटंच असतं, दहा-बारा जण. इंग्लंडमध्ये २०२२ पासून हे कायद्यानेच आलंय, आरोग्य आणि सोशल केअरमध्ये काम करणाऱ्यांना ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं (तिकडे याचा अर्थ बौद्धिक अपंगत्व) ट्रेनिंग द्यायलाच लागतं. ते सहज आलेलं नाही. ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा १८ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा २०१६ मध्ये गेला, त्याला आणि आईवडिलांना नको असताना, त्यांनी तसं सांगितलेलं असताना, अँटिसायकॉटिक औषध दिलं गेलं आणि त्याची रिॲक्शन आली. त्याच्या आईने, पॉला मॅकगोवनने, पुढची वर्षं लढून हे ट्रेनिंग आणायला लावलं, ते आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं, आणि त्यात शिकवणाऱ्यांमध्ये ऑटिस्टिक माणसं असतात. एका आईला मुलगा गमवावा लागला तेव्हा कुठे 'त्यांनाच विचारा' हे कागदावर आलं, हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि प्रत्येक वेळी सांगताना माझा आवाज बदलतो.

आपल्याकडे होणार नाही असं मला वाटत नाही. गोव्यातल्या संगथ संस्थेने रावळपिंडीतल्या टीमबरोबर केलेलं काम २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या जर्नलमध्ये आलं, त्यात तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांबरोबर काम केलं, आणि त्याचा उपयोग झाला. ते लहान मुलांसाठी होतं. पण शिकवलं तर येतं, हे तर त्यातून दिसलंच ना. मोठ्यांसाठी, मराठीत, तालुक्याच्या गावातल्या काउन्सेलरला झेपेल असं काहीतरी आपणच तयार करायला पाहिजे, इंग्रजी स्लाइड्स वाचून दाखवून ते होणार नाही.

ट्रेनिंगला येणाऱ्या मुली (बहुतेक मुलीच असतात) एक प्रश्न हमखास विचारतात, एवढं सगळं त्यांच्या सोयीने केलं तर बाहेरच्या जगात ते कसे टिकतील? आपण त्यांना नाजूक नाही का करत? मी त्यांना विचारते, व्हीलचेअरवरून येणाऱ्या क्लायंटसाठी रॅम्प केलात तर बाहेर जिने आहेत म्हणून तुम्ही तो काढाल का. आणि खरं सांगायचं तर बाहेर टिकायची प्रॅक्टिस त्यांना आपल्या कितीतरी पट जास्त असते, ते टिकूनच दमलेले असतात. तरी प्रश्न चांगला आहे, विचारत रहा म्हणते.

यंदाच्या बॅचला तो शिकवायला आला होता. मानधन घेऊन, जे बाकीच्या ट्रेनर्सना देतो तेवढंच. त्याच्या अटी लेखी आल्या होत्या, प्रश्न दोन दिवस आधी, फोटो नाही, खुर्ची दाराजवळ, ५ म्हणजे ५. आम्ही एका ओळखीच्या शाळेचा वर्ग घेतला होता, बाहेर पाऊस, तो आल्या आल्या म्हणाला आज हिरवा आहे, काळजी करू नका. दिलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याने वहीतून वाचून दाखवली, धरणांचं चित्र फळ्यावर काढलं. संपल्यावर एकीने हात वर केला, यादीत नसलेला एक प्रश्न विचारू का. विचारा म्हणाला.

"तुम्हाला थेरपीत सगळ्यात जास्त मदत कशाची झाली?"

"प्रश्न फार मोठा आहे. लहान करा."

तिने विचार केला, खरंच केला, घाई केली नाही. मग म्हणाली, "अगदी पहिल्या सेशनला कुठली एक गोष्ट वेगळी असती तर तुम्हाला सोपं गेलं असतं?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मी मनात मोजत होते, दहा झाले, वीस झाले, कोणी हललं नाही, कोणी 'हं' केलं नाही, पहिल्यांदाच एका अख्ख्या बॅचला हे जमत होतं. मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. फॉर्म म्हणेल, किंवा ट्यूबलाइट.

"पंखा," तो म्हणाला. "मॅडमच्या खोलीतल्या पंख्याचा खट-खट आवाज यायचा. मी वर बघत होतो, आवाज कुठून येतोय ते दिसलं की थोडा कमी होतो. तो बंद केला असता तर मला त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण ऐकू आलं असतं."

सहा वर्षांत त्याने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. माझ्या नोट्समध्ये तिथे लिहिलंय, आय कॉन्टॅक्ट नाही.

मग आम्ही सगळ्यांनीच वर बघितलं. वर्गातले दोन्ही पंखे फिरत होते, एक जुना होता, दर फेरीला टक्-टक् करणारा, सकाळपासून चालू असणार. दाराजवळ बसलेली मुलगी उठली आणि तिने बटण बंद केलं.